एआयने चित्र काढायला शिकताना: आजीच्या खळ्यातली आमसुलं

गेल्या मे महिन्यात बहिणीच्या मुलीसाठी एक छोटं गोष्टीचं पुस्तक करायचं डोक्यात आलं. आठच पानं, सुट्टीत कोकणात आजीकडे गेलेल्या मुलीची गोष्ट, आणि चित्रं एआयकडून काढून घ्यायची. पहिल्या दिवशी मी एवढंच टाईप केलं, "कोकणातली आजी आमसुलं वाळवतेय". आलं काय, तर तिशीतली एक बाई, लाल रेशमी साडी, गळ्यात सोन्याचे हार, समोर ताटात टोमॅटोच्या फोडी आणि मागे चक्क बर्फाचे डोंगर. दिसायला चित्र सुंदर होतं, पण त्यात आजी नव्हती, आमसुलं नव्हती आणि कोकण तर नव्हतंच.

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी तासभर बसून जे जमत गेलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी पहिल्या दोन-चार चित्रांनंतर "हे आपल्याकडच्या गोष्टींसाठी नाहीच" म्हणून सोडून दिलं आणि मला ते पटत नाही. जमतं. फक्त नाव सांगून जमत नाही, जे दिसायला हवं ते सांगावं लागतं, आणि त्यासाठी आधी आपल्याला ते नीट आठवावं लागतं.

आधी कुठे काढायचं ते बघू. सुरुवातीला कॉम्प्युटर, ग्राफिक कार्ड वगैरे काहीच लागत नाही, मोबाईल पुरतो. चॅटजीपीटी, जेमिनी, व्हॉट्सअपमधला मेटा एआय, मायक्रोसॉफ्टचा बिंग इमेज क्रिएटर, कॅनव्हा, अडोबीचा फायरफ्लाय, यातलं कुठलंही एक घ्या. फुकटात ठरावीक चित्रंच काढता येतात आणि ती मर्यादा हे लोक सारखी बदलत असतात, त्यामुळे आकड्यांच्या मागे लागू नका, संपलं की दुसऱ्या दिवशी करा. मिडजर्नीचं नाव सगळीकडे ऐकू येतं आणि त्याची चित्रं देखणी असतातच, पण त्याचा सगळ्यात स्वस्त प्लॅन महिन्याला १० डॉलरचा आहे, म्हणून शिकायला तिथून सुरुवात करायची गरज नाही. पहिले पंधरा दिवस एक पैसाही भरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हो, प्लेस्टोअरवर "एआय फोटो" अशा नावाची ढीगभर अ‍ॅप्स आहेत जी तीन दिवस फुकट देतात आणि मग दर आठवड्याला पैसे कापायला लागतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, मूळ कंपनीचंच अ‍ॅप किंवा वेबसाईट वापरा.

आता ही गोष्ट चालते कशी ते थोडं समजून घ्या, कारण ते कळलं की निम्म्या चुकांचं कारण आपोआप कळतं. यातली बरीच मॉडेल्स, म्हणजे आतून चित्र काढणारे एआय प्रोग्रॅम, ज्या पद्धतीवर चालतात तिला डिफ्यूजन म्हणतात. शिकवताना काय करतात, तर इंटरनेटवरचे कोट्यवधी फोटो आणि त्यांच्याखालची ओळ असं जोडीने घेतात, फोटोवर थोडा थोडा दाणेदार गोंधळ टाकत जातात, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना तसा, आणि मॉडेलला सांगतात की हा गोंधळ ओळखून काढून दाखव. हे इतक्या वेळा करून घेतात की शेवटी त्याला नुसत्या मुंग्या दिल्या आणि "मांजर" म्हटलं तरी तो एकेक पायरीने गोंधळ साफ करत त्यातून मांजर काढतो. म्हणजे तो कुठूनतरी तयार फोटो शोधून आणत नाही आणि कापून चिकटवतही नाही, दरवेळी नव्याने काढतो, म्हणून तेच वाक्य दोनदा दिलं तरी दोन वेगळी चित्रं येतात. (चॅटजीपीटीमध्ये मार्च २०२५ पासून आलेलं मॉडेल जरा वेगळ्या पद्धतीचं आहे, पण आपल्या कामापुरता फरक पडत नाही.)

यातला महत्त्वाचा भाग तो फोटोखालच्या ओळीचा आहे. ज्या गोष्टीचे फोटो इंटरनेटवर भरपूर आणि त्याखाली तिचं नाव व्यवस्थित लिहिलेलं, ती मॉडेलला पाठ असते. आयफेल टॉवर म्हणा, गोल्डन रिट्रीव्हर म्हणा, लगेच येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन नावाचं चित्र काढणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा ते मुख्यतः इंग्रजी ओळी असलेल्या फोटोंवर शिकलेलं होतं. आता त्या ढिगात "आमसूल" लिहिलेला फोटो किती असणार? "खळं", म्हणजे कोकणातलं घरापुढचं अंगण, लिहिलेला? त्यामुळे मॉडेल आपल्या शब्दाच्या जवळपास जे सापडेल ते उचलतं, लाल आणि कापलेलं म्हटलं की टोमॅटो, भारतीय बाई म्हटलं की लग्नातले फोटो, कारण भारतीय बायकांचे नटलेलेच फोटो जास्त टाकले जातात. हे लक्षात आल्यावर माझी चिडचिड थांबली आणि मी लिहायची पद्धत बदलली.

पद्धत अशी: समजा फोनवर तुम्ही एखाद्या चित्रकाराला सांगताय, जो कधी महाराष्ट्रात आलाच नाही पण हात उत्तम आहे. त्याला "नऊवारी" म्हणून कळणार नाही, त्याला सांगावं लागेल की साडी दोन पायांच्या मधून मागे नेऊन कमरेला खोचलेली आहे, त्यामुळे पोटऱ्या दिसतायत, कापड सुती आहे आणि धुऊन धुऊन मऊ पडलंय, काठ बारीक आहे, पदर पुढे घेऊन कमरेला खोचलाय. हे सगळं लिहिलं तेव्हा पहिल्यांदा स्क्रीनवर खरी नऊवारी दिसली. त्याआधी नुसतं "नऊवारी साडी" लिहून दहा वेळा पाचवारीच आलेली. नथीचं पण तसंच, "नथ" म्हटलं की नाकातून कानापर्यंत साखळी येते, मोत्यांची आपली नथ हवी असेल तर डाव्या नाकपुडीत, मोत्यांचा छोटा झुपका, मध्ये एक लाल खडा, असं सांगा. पण मुळात रोज खळ्यात काम करणारी आजी नथ घालून बसेल का? नाही बसणार, तिच्या नाकात बारीक चमकी असेल. असे प्रश्न स्वतःला विचारत गेलं की चित्र खरं होत जातं.

आमसुलांसाठी तर मला आईला फोन करावा लागला. ती म्हणाली, "अगं, आधी रातांबे फोडायचे, बिया न् गर वेगळा काढायचा, रसात मीठ घालायचं, त्यात सालं बुडवायची न् उन्हात टाकायची, परत संध्याकाळी रसात, परत सकाळी उन्हात, असं करत करत ती काळी पडतात." मग मी लिहिलं: फळाच्या वाटीसारख्या अर्ध्या साली, आतून रिकाम्या, जाड, सुरकुतलेल्या, गडद जांभळट-काळ्या, कडेला थोडा लालसर ओलसरपणा, बिया अजिबात नाहीत. टोमॅटो गेले. आधी मनुका आले, मग वाळलेल्या मिरच्या आल्या, आणि चौथ्या-पाचव्या वेळेला जे आलं ते आईला पाठवलं तर तिने लगेच ओळखलं.

लिहिण्याचा क्रम मी साधारण असा ठेवते, कोण आहे, काय करतंय, कुठे, उजेड कसा आणि कुठून, आपण किती लांबून बघतोय, आणि शेवटी चित्र कशा प्रकारचं हवं, म्हणजे जलरंग, पेन्सिल, फोटोसारखं, लहान मुलांच्या पुस्तकातलं वगैरे. हा काही नियम नाही पण यातलं जे तुम्ही सांगणार नाही ते मॉडेल स्वतःच्या मनाने भरणार, आणि त्याच्या मनात काय आहे ते वर सांगितलंच. उजेडाबद्दल सगळे विसरतात. "सकाळी नऊचं ऊन डावीकडून येतंय, सावल्या लांब आहेत" एवढं घातलं तरी चित्र एकदम बदलतं, नाहीतर तो फोटो स्टुडिओतला सपाट चकचकीत उजेड येतो. माझं शेवटी चाललेलं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं देते:

"सत्तरीची महाराष्ट्रीय आजी, सावळी, सडपातळ, पांढरे केस मागे घट्ट अंबाड्यात, विटक्या हिरव्या रंगाची सुती साडी, साडी दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेली. ती शेणाने सारवलेल्या तपकिरी मातीच्या अंगणात उकिडवी बसली आहे आणि बांबूच्या चटईवर गडद जांभळट-काळ्या, सुरकुतलेल्या, वाटीसारख्या फळांच्या साली हाताने पसरते आहे. मागे लालसर खडबडीत जांभ्या दगडाचं बैठं घर, उतरतं लाल कौलारू छप्पर, बाजूला मातीचं चौकोनी तुळशीवृंदावन, मागे माड आणि फणसाचं झाड. मे महिन्यातली सकाळ, डावीकडून कडक ऊन, जमिनीवर माडाच्या झावळ्यांची सावली. अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या लहान मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसणारं दृश्य. लहान मुलांच्या पुस्तकासाठी जलरंगातलं चित्र, कागदाचा पोत दिसणारा, रंग मातकट. चित्रात कुठेही अक्षरं नाहीत."

मराठीत लिहिलं तर चालतं का, असं बरेच जण विचारतात. चॅटजीपीटी आणि जेमिनीला मराठी व्यवस्थित कळतं, बिनधास्त मराठीत लिहा. पण स्टेबल डिफ्यूजनसारखी जुनी मॉडेल्स इंग्रजीच समजतात, आणि त्यांची मजकूर वाचायची मर्यादासुद्धा साधारण ७५ टोकनची असते, टोकन म्हणजे शब्दाचे तुकडे समजा, आणि मराठी शब्दाचे तर फारच तुकडे पडतात. तिथे मराठी वर्णन आधी चॅटबॉटकडून इंग्रजीत करून घ्यायचं, पण करून घेतल्यावर वाचून बघायचं. माझ्या एका वाक्यात "खळं" चं भाषांतर धान्य मळायची जागा असं झालं आणि चित्रात बैल आले, आपल्याला हवं होतं घरापुढचं अंगण.

आता दुरुस्तीबद्दल, कारण पहिल्या फटक्यात हवं तसं चित्र क्वचितच येतं. चॅटमध्ये तुम्ही म्हणू शकता, "बाकी सगळं आहे तसंच ठेव, फक्त साडीचा रंग विटका हिरवा कर." एका वेळी एकच बदल सांगा. चार बदल एकत्र सांगितले की दोन होतात, एक अर्धवट होतो आणि चौथ्याच्या नादात जे चांगलं होतं ते बिघडतं, मग कळतच नाही की कशामुळे काय झालं. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच चित्रावर सारखे बदल करत राहिलं तर पाच-सहा बदलांनंतर ते चित्र हळूहळू खराब होतं, रंग पिवळट होतात, चेहरा मेणाचा दिसायला लागतो, बारीक रेषा पुसट होतात. त्यामुळे मी काय करते, बदल करताना काय काय शिकले ते मूळ वर्णनात घालते आणि नवीन चॅट उघडून पहिल्यापासून काढते. थोडं जास्त काम वाटतं पण प्रत्यक्षात वेळ वाचतो.

"हे नको, ते नको" असं सांगण्यात एक खोच आहे. "डोक्यावर पदर नको" असं लिहिलं की बऱ्याचदा हमखास पदर येतो, कारण मॉडेलला पदर हा शब्द दिसला. त्यापेक्षा काय हवं ते सांगा, "डोकं उघडं, पांढरे केस आणि अंबाडा स्पष्ट दिसतोय". नवीन मॉडेल्सना नकार बऱ्यापैकी कळतो, एखादं "नाही" चालून जातं, तरी शक्यतो मी ही सवय सोडत नाही. स्टेबल डिफ्यूजनमध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी निगेटिव्ह प्रॉम्प्ट म्हणून वेगळा रकानाच असतो, तिथे मात्र नको ते लिहायचं.

चित्र आवडलं की लगेच सेव्ह करून मोकळं होऊ नका, झूम करून बघा. बोटं मोजा. दुसऱ्या हाताचा अंगठा योग्य बाजूला आहे का, कोपराच्या पुढे हात कुठे जातोय, सावली उन्हाच्या उलट्या बाजूला पडतेय का, चटईच्या विणीत मध्येच गडबड आहे का, मागच्या घराला दार दोनदा आलंय का. माझ्या एका बऱ्या चित्रात तुळशीवृंदावनात तुळशीऐवजी कोबीसारखं काहीतरी होतं आणि ते मला दोन दिवसांनी दिसलं. असं छोटं काही असेल तर पूर्ण चित्र परत काढायची गरज नसते, बऱ्याच टूलमध्ये ब्रशने तेवढा भाग रंगवून "इथे तुळशीचं रोप, लहान पानं, मंजिऱ्या" असं सांगता येतं, त्याला इनपेंटिंग म्हणतात. निवडताना भाग थोडा मोठा निवडा, अगदी कडेला चिकटून निवडला तर जोड दिसतो.

पुस्तकासाठी सगळ्यात जास्त त्रास कशाने झाला असेल तर प्रत्येक पानावर तीच आजी आणायला. पहिल्या पानावर एक आजी, दुसऱ्या पानावर तिची बहीण वाटावी अशी. यावर उपाय असा की गोष्टीच्या चित्रांना हात लावायच्या आधी आजीचं एक ओळखपत्रासारखं चित्र करा, एकाच पांढऱ्या कागदावर समोरून, बाजूने, मागून, बसलेली आणि हसणारी. ते मनासारखं झालं की प्रत्येक नव्या चॅटमध्ये आधी ते अपलोड करायचं आणि सांगायचं, "ही आजी, हाच चेहरा, हीच साडी, आता ती विहिरीवर पाणी काढतेय." शिवाय आजीच्या वर्णनाचा परिच्छेद एका नोटमध्ये ठेवायचा आणि दरवेळी अक्षरशः तोच चिकटवायचा, एकदा "सडपातळ" आणि एकदा "बारीक" असंही करायचं नाही. एवढं करूनही शंभर टक्के तीच येत नाही, पण लहान मुलाला ती तीच वाटते, आणि आजीच्या कपाळावरच्या हिरव्या गोंदणामुळे माझ्या भाचीने प्रत्येक पानावर तिला बरोबर ओळखलं. अशी एखादी ठळक खूण मुद्दाम ठेवा.

देवनागरी अक्षरांचं मात्र चित्रात काम करून घेऊ नका. "आजीचं खळं" असं शीर्षक मागितलं तर "आजीचं खळें" येतं, जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, कधी तर लिपीसारखं दिसणारं पण लिपी नसलेलं काहीतरी येतं. नवीन मॉडेल्समध्ये पुष्कळ सुधारणा झालीय आणि दोन शब्द कधी कधी बरोबर येतातही, पण पत्रिकेवर नाव चुकलेलं कोणाला चालेल? चित्र बिनअक्षरांचं काढा, आकाशाच्या बाजूला मोकळी जागा ठेवायला सांगा, आणि अक्षरं कॅनव्हात किंवा जिम्पमध्ये स्वतः टाका. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या "एक टाईप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत आणि मराठीला छान दिसतात, मुलांच्या पुस्तकाला मी बलू वापरला.

आकार सुरुवातीलाच सांगा. स्टेटससाठी उभं ९:१६, यूट्यूबसाठी आडवं १६:९, पुस्तकाला मी चौकोनी घेतलं. नंतर कापत बसलात तर आजीचे पाय किंवा कौलं जातात. आणि छापायचं असेल तर हे गणित बघा: छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे १०२४ बाय १०२४ चं चित्र कागदावर नीट दिसेल जेमतेम साडेतीन इंचाचं. ए४ पानभर हवं असेल तर २४८० बाय ३५०८ लागतात. त्यासाठी अपस्केल करायचं, म्हणजे चित्र मोठं करून घ्यायचं, अपस्केल नावासारखंच अपस्केयल नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे जे आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, चौपट मोठं करून देतं. चौपट केल्यावर चेहरा परत एकदा तपासा, कधी कधी सुरकुत्यांचं खडबडीत कातडं करून ठेवतं. व्हॉट्सअपवरून छापखान्यात पाठवू नका, साधा फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राईव्हची लिंक द्या.

महिनाभर झाल्यावर ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांच्यासाठी स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवायचा रस्ता आहे. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलं तर सोपं जातं, एसडीएक्सएलसाठी (स्टेबल डिफ्यूजनची पुढची, मोठी आवृत्ती) ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डवरची मेमरी, असेल तर चालतं, जुनं स्टेबल डिफ्यूजन १.५ चार जीबीवरही चालतं. ही मॉडेल्स चालवायच्या सॉफ्टवेअरपैकी फूकस हे नवख्यांना सोपं, कम्फीयूआय ताकदवान पण पहिल्यांदा उघडल्यावर वायरींचं जाळं बघून घाबरायला होतं, दोन दिवस द्या, कळतं. इथे चार शब्द सारखे भेटतील. सीड म्हणजे सुरुवातीच्या मुंग्यांचा नंबर, तोच सीड, तेच वाक्य, त्याच सेटिंग्ज ठेवल्या तर तेच चित्र परत येतं, त्यामुळे एक शब्द बदलल्याने नेमकं काय बदलतं ते बघायला याच्यासारखं दुसरं साधन नाही. स्टेप्स म्हणजे गोंधळ साफ करायच्या पायऱ्या, २० ते ३० पुरतात, १०० केल्याने चित्र सुधारत नाही, नुसता वेळ जातो. सीएफजी म्हणजे तुमच्या शब्दांना किती घट्ट धरायचं, ५ ते ८ च्या मध्ये ठेवा, फार वाढवलं की रंग जळल्यासारखे होतात. चौथा लोरा, ही मूळ मॉडेलला जोडायची छोटी पुरवणी, एखादी शैली किंवा वस्तू शिकवलेली. १.५ वर ५१२ च्या फार वर जाऊन मोठं चित्र मागितलं तर एका अंगावर दोन डोकी येतात, कारण ते शिकलंच ५१२ च्या फोटोंवर, एसडीएक्सएल १०२४ वर शिकलंय. आणि मॉडेल उतरवताना सेफटेन्सर्स प्रकारचीच फाईल घ्या, जुन्या सीकेपीटी फाईलमध्ये कोणी घातक कोड लपवू शकतो.

आता थोडं मनापासून, कारण हे सांगितल्याशिवाय मला ही माहिती द्यायची नव्हती. खऱ्या माणसाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय वापरू नका, विशेषतः बायकांचे आणि लहान मुलांचे फोटो. माझ्या पुस्तकातल्या मुलीचा चेहरा मी भाचीसारखा मुद्दाम केला नाही, तिचा फोटो कुठल्याही टूलमध्ये टाकला नाही, फक्त दोन वेण्या आणि पिवळा फ्रॉक तिच्यासारखा ठेवला आणि तिला तेवढं पुरलं. कोणाचा अश्लील बनावट फोटो करणं हा सरळ गुन्हा आहे, गंमत म्हणूनही नाही. वारली हवी असेल तर? मॉडेल त्रिकोण आणि रेषा काढून देतं, पण वारली चित्रातल्या चौकोनी चौकात कोणता देव बसतो, तारपा वाजवणाऱ्याभोवती माणसं कशी फिरतात हे त्याला माहीत नाही. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती ज्या कलेसाठी, ती करणारी घरं आजही पालघर-डहाणूकडे आहेत, भिंतीवर लावायचं चित्र त्यांच्याकडूनच घ्या. तसंच घरगुती फराळाचा धंदा असेल तर चकलीचा फोटो एआयने करू नका, गिऱ्हाईक ती चकली बघून पैसे देतं आणि डब्यात दुसरी निघते, उन्हात खिडकीपाशी ताट ठेवून मोबाईलने काढलेला खरा फोटो कधीही चांगला.

शिवाजी महाराजांची एआय चित्रं हल्ली "दुर्मिळ मूळ चित्र" म्हणून फिरतात. करायची तर करा, पण खाली स्पष्ट लिहा की हे एआयने काढलेलं आहे. मॉडेल जिरेटोप, तलवार, किल्ल्याचा तट सगळं अंदाजाने काढतं, आणि उद्या शाळेतलं पोर तेच प्रकल्पाच्या वहीत चिकटवतं. गूगलच्या टूलमधून निघालेल्या चित्रात सिंथआयडी नावाची डोळ्याला न दिसणारी खूण असते, पण व्हॉट्सअपवर चित्र बघणारा कोण ती तपासत बसणार, म्हणून आपणच लिहायचं. माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही ती ओळ आहे.

एक वही किंवा गूगल डॉक ठेवा, तारीख, टूलचं नाव, पूर्ण वाक्य आणि आलेलं चित्र असं एकाखाली एक. माझ्या वहीत आता साठ-पासष्ट नोंदी आहेत आणि त्यातल्या फसलेल्याच मी जास्त उघडते, कारण "सारवलेली जमीन" म्हटल्यावर चकचकीत लादी आली होती आणि "मातीची, मॅट, हाताच्या बोटांचे अर्धगोल फराटे दिसणारी" म्हटल्यावर खरी जमीन आली, असलं सगळं तिथे सापडतं.

छापायला देण्याआधी ते पहिलं पान मी गावी आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "सगळा बरोबर हा गो, पण माडाची सावली चटईवर इली हा. आमसुलां सावलीत कोण घालता?" त्या रात्री मी वर्णनातलं सावलीचं वाक्य बदललं, "चटई पूर्ण उन्हात, झावळ्यांची सावली फक्त घराच्या भिंतीवर", नवीन चॅट उघडला आणि परत काढलं.